घराखालचा वारा

प्रमोदिनीबाईंच्या मते थंडीपेक्षा वारा वाईट. थंडीवर स्वेटर चढवता येतो. वारा मात्र फटीतून येतो, कानात शिरतो आणि पोराबाळांच्या छातीत जाऊन बसतो. पुण्यात चौथीचा वर्ग शिकवायच्या तेव्हा जानेवारी महिन्यात त्या आधी खिडक्यांच्या कड्या बघायच्या आणि मग हजेरी घ्यायच्या. त्यामुळे निवृत्तीनंतर, यजमान गेल्यावर, त्या न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला मुलाकडे, देवव्रतकडे, काही महिने राहायला आल्या आणि मे महिन्यात तिथला गारठा सुरू झाला, तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं, तर घरात वारा कुठून कुठून येतो ते शोधून काढलं.

घर जुनं होतं. लाकडी फळ्यांचं, उंच छताचं, खिडक्यांना एकेरी काच. देवव्रतने ते घेतलं कारण त्याच्या बायकोला, अनुयाला, हॉस्पिटल जवळ पडत होतं. ती तिथे नर्स होती. टाकानिनीच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या मित्रांनी तेव्हाच त्याला चिडवलं होतं, "अरे, घर घेतलंस की म्युझियम?" उन्हाळ्यात घर छान वाटलं. पहिल्या हिवाळ्यात कळलं, की हीटर कितीही वेळ चालवा, ऊब छताकडे जाते आणि पाय गारच राहतात. विजेचं बिल आलं की देवव्रत ते फ्रिजच्या दारावर लावायचा आणि त्या संध्याकाळी त्याच्याशी कुणी फारसं बोलायचं नाही.

प्रमोदिनीबाईंनी जुन्या चादरी फाडून चिंध्यांच्या लांब सुरळ्या शिवल्या आणि प्रत्येक दाराच्या तळाशी ठेवल्या. खिडक्यांच्या फटींत फोमच्या पट्ट्या बसवल्या. वापरात नसलेल्या खोलीचं दार लावून टाकलं. हे सगळं बरोबरच होतं, आणि त्याने थोडा फरकही पडला. मग एक दिवस बाहेर दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना त्यांचं लक्ष घराच्या पायाकडे गेलं. घर जमिनीवर नव्हतंच. ते बुटक्या खांबांवर उभं होतं, खाली अंधारी पोकळी आणि माती, आणि चहूबाजूंनी खालच्या फळ्यांत लोखंडी जाळ्या बसवलेल्या. एका जाळीपुढे त्यांनी हात धरला. वारा आरपार वाहत होता.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "वर दारं लावतोय आणि खाली सगळं उघडंच!"

मुलगा-सून कामावर आणि नात वल्लरी शाळेत असताना त्यांनी जुने टॉवेल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बासमतीची रिकामी गोणपाटं, असं जे मिळेल ते त्या जाळ्यांत ठासून भरलं. वाऱ्याने सुटू नये म्हणून पुढे विटा आणि कुंड्या लावल्या. कंबर दुखायला लागली, पण मन समाधानी होतं. रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, "देवव्रत, घराखालची भोकं बुजवली रे मी सगळी."

देवव्रतचे डोळे लॅपटॉपवर. "स्वीट अ‍ॅज, आई."

त्याला गोड खावंसं वाटतंय असं समजून दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरा केला. वल्लरी हसून हसून लोळली. "आजी, इट मीन्स ओके!" सात वर्षांच्या त्या पोरीने पुढे आठवडाभर शाळेत ही गोष्ट सांगितली. शिरा सगळ्यांनी खाल्ला, आणि जाळ्यांची गोष्ट तिथेच संपली.

जूनमध्ये धुकं आलं. सकाळी उठावं तर समोरचं घर दिसत नाही, आणि आतून खिडक्यांवर पाण्याचे ओघळ. वल्लरीच्या खोलीत कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठले. अनुयाने ते ब्लीचने पुसले, ते परत आले. गादी उचलली तर खालून दमट. कपाटातल्या लोकरी कपड्यांना कुबट वास येऊ लागला. वल्लरीला दम्याचा त्रास आधीपासून थोडा होताच. आता ती खोकायला लागली की तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. एकदा तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. बरी होऊन आली, आणि जुलैमध्ये पुन्हा ठेवावं लागलं. स्वतःच्याच हॉस्पिटलात अनुया युनिफॉर्मशिवाय, विस्कटलेल्या केसांनी, लेकीच्या पलंगाशी उभी होती.

"घर उबदार ठेवा आणि कोरडं ठेवा," डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांनी हीटर दिवसरात्र लावला. देवव्रतने हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र आणलं; त्याची टाकी सकाळ-संध्याकाळ भरायची आणि ती रिकामी करून तो पुन्हा लावायचा. घर कोरडं होईना, आणि ओल्या घरात ऊबही टिकेना. घर गरम करणारा नवीन हीट पंप बसवायचा तर आणखी कर्ज, आणि त्यानेही ओल जाईल याची खात्री कोणी देईना.

शेवटी एका दुपारी अनुया स्वयंपाकघरात येऊन बसली. बराच वेळ ती टेबलावरचे तिळाचे दाणे बोटाने गोळा करत राहिली.

"आई, ऑगस्टमध्ये तुम्ही परत जाल तेव्हा वल्लरीला नेता का?"

"सुट्टीला?"

"नाही. वर्षभर. तिकडे हवा कोरडी असते. शाळा तुमच्या समोरच आहे. हॉस्पिटलातली आणखी एक अ‍ॅडमिशन मला नाही बघवणार. वॉर्डात इतरांच्या मुलांचं करते मी, हात थरथरत नाहीत माझे. हिचं होत नाही."

प्रमोदिनीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "नेते की. त्यात काय विचारायचं?"

हे त्या म्हणाल्या आणि त्याच वेळी त्यांच्या पोटात कुठेतरी आनंद उसळला. सहकारनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं आवाज नव्हता. कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून त्या टीव्ही लावून स्वयंपाक करायच्या. आता तिथे वल्लरी असणार; तिची वेणी घालायची, तिला पाढे शिकवायचे, तिच्या इंग्रजीला मराठीची सवय लावायची. समोर सून रडत होती आणि त्यांच्या मनात डब्यांचे पदार्थ ठरू लागले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही.

पापाकुराच्या जगदीशकडून तिकिटं काढली. तो प्रमोदिनीबाईंच्या दूरच्या नात्यातला, विमानांच्या तिकिटांचा धंदा करणारा. त्याने शुक्रवारपर्यंत मुदत दिली, त्यानंतर बदल करता येणार नव्हता.

दुसऱ्या आजारपणानंतर वल्लरी घरीच होती. हीटरजवळ पांघरूण घेऊन बसायची आणि कंटाळायची. मंगळवारी सकाळी ती खिडकीवरच्या पाण्यात बोटाने चेहरे काढत होती.

"आजी, हे फॉग आत कसं येतं? विंडो तर बंद आहे."

"फॉग नाही गं आत येत. हे पाणी घरातलंच. घरात ओलावा आहे ना, तो गार काचेवर बसतो."

"ओलावा?" वल्लरीने भुवया वर केल्या. "पण तू त्या दिवशी फोनवर कांचनआजीला म्हणालीस, या घरात खूप ओलावा आहे, छान वाटतं."

प्रमोदिनीबाई हसल्या. "तो वेगळा. तो मायेचा."

"सेम वर्ड?"

"सेम वर्ड."

"दॅट्स वियर्ड," वल्लरी म्हणाली. "मग हा कुठून येतो? हा बॅडवाला?"

आता प्रमोदिनीबाईंची एक रीत होती. मुलाने विचारलं की लगेच सांगायचं नाही, दाखवायचं. त्या उठल्या, बागेतून खुरप्याने माती आणली. वरून कोरडी दिसणारी, भुरकट. दोन बशांत ती पसरली आणि दोन्हींवर काचेचे बाऊल उपडे घातले. एक बाऊल घट्ट बसवला. दुसऱ्याच्या कडेखाली वल्लरीची पेन्सिल घातली, म्हणजे तो एका बाजूने थोडा उचललेला राहील. दोन्ही बशा खिडकीत उन्हाला ठेवल्या. धुकं विरून ऊन नुकतंच आलं होतं.

"आता काय होईल?"

"नथिंग," वल्लरी म्हणाली. "माती ड्राय आहे."

"बघू."

दुपारी जेवून दोघी बघायला गेल्या. घट्ट बसलेला बाऊल आतून पांढरा झाला होता. थेंब एकमेकांत मिसळून खाली घसरत होते. पेन्सिलवाला बाऊल जवळजवळ स्वच्छ होता.

"नो वे!" वल्लरीने बाऊल उचलून आत बोट फिरवलं. "ड्राय मातीत एवढं वॉटर?"

"वरून कोरडी दिसते. आत पाणी असतंच. ते सारखं वर येत असतं, आपल्याला दिसत नाही. झाकून ठेवलं तर तिथेच साठतं. आणि इथे?"

"इथे पेन्सिल आहे. हवा येते आणि घेऊन जाते."

"शाब्बास."

वल्लरी दोन्ही बशांकडे बघत राहिली. तिच्या खांद्यांची चढउतार शालीतूनही दिसत होती. मग ती म्हणाली, "आजी, आपल्या घराखाली पण माती आहे. मग आपल्या घराची पेन्सिल कुठे आहे?"

प्रमोदिनीबाईंना गोणपाटाचा खरखरीत स्पर्श हातात जाणवला.

"आजी?"

"उद्या बघू हं," त्या म्हणाल्या आणि बशा उचलून आत गेल्या.

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात त्यांनी मुलांना पुष्कळदा "मला माहीत नाही" असं सांगितलं होतं. पण माहीत असताना "उद्या" असं कधी म्हटलं नव्हतं.

दुपारी वल्लरी झोपल्यावर त्या मागच्या अंगणात गेल्या. पहिली कुंडी सरकवली, वीट काढली आणि टॉवेल ओढला. तो जड झाला होता. त्याच्यामागून जो वास आला तो त्यांनी ओळखला. वल्लरीच्या कपाटाचा, गादीचा, स्वेटरांचा. त्या वाकल्या. आत खांबांवर बुरशीचा पांढरा थर होता आणि मातीला चमक होती. वारा लागू नये म्हणून त्यांनी झाकण घातलं होतं, आणि त्या झाकणावर नात झोपत होती.

टॉवेल हातात धरून त्या उभ्या राहिल्या. आता सगळे टॉवेल काढले, तर घर वाळेल. लगेच नाही, पण वाळेल. घर वाळलं तर मुलगी कशाला पाठवतील? त्यांच्या डोळ्यांपुढे सहकारनगरचं दार आलं, कुलूप, आणि कुलूप काढल्यावर आतून येणारी ती बंद हवा. आणि मी काही मुद्दाम केलं नव्हतं, असंही त्यांच्या मनात आलं. तिकडे पोर खरंच बरी राहील. हवा कोरडी आहेच तिकडची.

त्यांनी टॉवेल परत जाळीत कोंबला. वीट लावली. कुंडी सरकवली. मग आत येऊन साबणाने दोनदा हात धुतले.

बुधवार गेला, गुरुवार गेला. अनुयाने छोटी सूटकेस काढली. वल्लरी तिच्यात वस्तू ठेवायची आणि काढायची. पोहायचे टॉग्ज ठेवले. पुण्यात लागतील का म्हणून विचारलं. जँडल्स, म्हणजे तिच्या रबरी चपला, ठेवल्या. शाळेतल्या मैत्रिणींनी दिलेलं कार्ड ठेवलं. प्रमोदिनीबाई घड्या घालून देत होत्या आणि नातीच्या नजरेला नजर देत नव्हत्या. अनुया ड्यूटीवरून आली की बुटांसकट लेकीच्या पलंगावर बसायची आणि तिच्या केसांत नाक खुपसायची. प्रमोदिनीबाईंनी दाराआडून ते पाहिलं आणि त्या आवाज न करता मागे फिरल्या.

शुक्रवारी सकाळी वल्लरी सूटकेसच्या झाकणावर चढून बसली होती. "आजी, मला आन्सर सापडलं."

"कसलं?"

"पेन्सिलचं. तू उद्या उद्या करतेस, म्हणून मीच थिंक केलं. न्यूझीलंडच्या घरांना पेन्सिल नसते. इंडियाच्या घरांना असते. म्हणून मी इकडे सिक होते आणि तिकडे बरी होणार. आय विल टेल माय टीचर." ती खुशीत होती. आजीने शाब्बास म्हणावं म्हणून वाट बघत होती.

प्रमोदिनीबाई पलंगाच्या कडेला बसल्या. मुलीचा तर्क चांगला होता. समोर होतं त्यावरून तिने नीट काढला होता. फक्त समोर जे असायला हवं होतं ते कुणीतरी लपवलं होतं, आणि आता हे चुकीचं उत्तर ती बरोबर घेऊन जाणार होती, आपलं घरच वाईट म्हणून.

"चूक आहे ते," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुझी चूक नाही, बाळा. उत्तर चूक आहे. आपल्या घराला पेन्सिल आहे. मी काढून टाकली."

वल्लरी बघत राहिली. "व्हाय?"

"वारा लागेल म्हणून."

त्या दिवशी अनुयाला सुट्टी होती आणि देवव्रत घरूनच काम करत होता. प्रमोदिनीबाईंनी दोघांना मागच्या अंगणात बोलावलं, कुंडी सरकवली आणि टॉवेल काढून दाखवला. फार शब्द लागले नाहीत. देवव्रतने कपाळाला हात लावला. "तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलंच नाही. मी स्वीट अ‍ॅज म्हणालो असेन."

"म्हणालास," त्या म्हणाल्या.

"पण आई, एवढ्यानेच सगळं झालं असं नाही. घर आधीपासून दमट—"

"गेल्या हिवाळ्यात ती एकदाही अ‍ॅडमिट झाली नव्हती," अनुया म्हणाली. ती गुडघ्यावर बसून आतल्या मातीवर तळहात टेकवत होती. हात बाहेर काढून तिने तो बघितला. मग सासूकडे न बघता विचारलं, "तुम्हाला कधी लक्षात आलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

अनुयाने मान वर करून सासूकडे पाहिलं. प्रमोदिनीबाईंनी काही स्पष्टीकरण दिलं नाही, आणि तिने मागितलं नाही. मधले दिवस का गेले ते दोघींना कळलं होतं. अनुयाचे डोळे भरले, ओठ घट्ट झाले. ती उठली, शेडमध्ये गेली. क्षणभर वाटलं की ती परत येणार नाही. ती आली ती बागकामाचे हातमोजे घेऊन. एक जोडी तिने स्वतः घातली, दुसरी सासूच्या हातात दिली.

"ती बाजू तुम्ही करा. वाकू नका जास्त."

दुपारपर्यंत तिघांनी सगळ्या जाळ्या मोकळ्या केल्या. काढलेल्या चिंध्यांचा ढीग कुंपणाशी साचला. गोणपाटावरच्या बासमतीच्या नावाला बुरशी आली होती. देवव्रतने दुकानातून जाड काळं प्लॅस्टिक आणलं, मातीवर अंथरायला. कामावरच्या एकाने त्याला फोनवर सांगितलं होतं, की जुन्या घरांखाली तसं घालतात. अंथरायला तो सरपटत आत गेला आणि खांबांमध्ये अडकला.

"अनुया, मला वाटतं मी पुढेही जात नाहीये आणि मागेही."

"पोट आत घे."

"घेतलंय! हेच आहे आत घेतलेलं."

"आजीचा शिरा," खिडकीत शालीत गुंडाळून उभी असलेली वल्लरी ओरडली. "स्वीट अ‍ॅज, पप्पा!"

अनुया हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती पाठ फिरवून भिंतीला टेकली. प्रमोदिनीबाई तिच्याजवळ गेल्या नाहीत. जायचा हक्क आज आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. शेवटी अनुयानेच नवऱ्याला पायाला धरून ओढलं आणि उरलेलं प्लॅस्टिक स्वतः आत जाऊन अंथरलं.

संध्याकाळ होत आली तेव्हा घर काही बदललेलं नव्हतं. खोलीत तोच वास होता. जाळ्या उघड्या झाल्यामुळे पायाला किंचित जास्तच गार लागत होतं. वल्लरी दोनदा खोकली आणि तिघेही एकदम तिच्याकडे बघायला लागले.

"जगदीशला आज सांगायचंय," देवव्रत म्हणाला. "पाच वाजता बंद करतो तो."

अनुयाने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता.

"घर वाळायला किती दिवस लागतील कुणास ठाऊक," ती म्हणाली. "महिना. कदाचित हिवाळा संपेपर्यंत. आणि मध्येच तिला परत काही झालं तर? मला तिला सोडवत नाही, आणि ठेवायचं धाडसही होत नाही." ती थांबली. मग सासूकडे वळली. "तुम्ही सांगा, आई. न्यायची की ठेवायची? तुम्ही म्हणाल ते करू."

प्रमोदिनीबाईंना ही शिक्षा वाटली आणि पुढच्याच क्षणी कळलं, की ही शिक्षा नाही. इतकं झाल्यावरही ती विश्वास ठेवत होती. त्यांनी वल्लरीकडे पाहिलं. ती आईच्या कुशीत शिरली होती आणि मोठ्या माणसांचं बोलणं ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करून सगळं ऐकत होती.

"रात्री ती माझ्या खोलीत झोपेल," त्या म्हणाल्या. "तिथली भिंत आतली आहे, कोरडी आहे. हीटर तेवढ्याच खोलीत लावा, दार बंद करून, म्हणजे बिलही आवरेल. तिच्या खोलीतलं कपाट पुढे ओढा. दुपारी ऊन आलं की मी सगळ्या खिडक्या थोडा वेळ उघडीन. मला भीती वाटेल, पण उघडीन. मी निघेपर्यंत एवढं वळण लावून देते. पुढचं तुम्ही करा."

"म्हणजे?" देवव्रतने विचारलं.

त्यांनी हात पुढे केला. "फोन दे. मीच बोलते त्याच्याशी."

पलीकडून जगदीशचा घाईचा आवाज आला. "बोला, मावशी! सगळं कन्फर्म करू ना?"

"नाही रे. एक तिकीट रद्द करायचंय."

"एक? कुणाचं?"

समोर अनुयाने लेकीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली होती आणि डोळे मिटून घेतले होते.

"वल्लरीचं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"आणि तुमचं? तुमची तारीख पुढे ढकलायची का?"

"व्हिसा तेवढाच आहे माझा. माझं आहे तसंच राहू दे." मग आठवून त्या म्हणाल्या, "आमच्या सीट्स शेजारी शेजारी होत्या ना, खिडकीची तिच्यासाठी? आता मला खिडकीची नको. कडेची दे."